अडलेलं पान घेऊन या

प्रश्न थोडक्यात असा आहे: नेरुळच्या एका सोसायटीत दहा-अकरा जणांनी वाचनगट सुरू केला. पहिलंच पुस्तक म्हणून भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू' घेतली आणि महिन्याभरात वाचून भेटायचं ठरवलं. बैठकीच्या दिवशी दोघांचीच पूर्ण वाचून झाली होती. एक निवृत्त प्राध्यापक पाऊण तास बोलले, बाकीचे ऐकत राहिले. पुढच्या खेपेला पाचच जण आले. आता निम्म्यांचं म्हणणं, काहीतरी हलकंफुलकं घेऊ. अवघड कादंबरी गटात वाचणं जमतं का, आणि जमत असेल तर कसं?

जमतं. ठाण्यात आमचा गट बरीच वर्षं चालू आहे. त्यात मराठी विषय घेऊन शिकलेले थोडे, बँकेत, रेल्वेत, शाळांत आणि औषधांच्या कंपन्यांत नोकऱ्या केलेले जास्त. कादंबरी अवघड होती म्हणून कुणी यायचं बंद झालं, असं मी फारसं पाहिलेलं नाही. माणसं येईनाशी होतात ती बैठकीत आपल्याला काही कामच नाही असं वाटलं की. तुमच्या पत्रात मला तेच दिसतं. दोघांना काम होतं, बाकीचे प्रेक्षक होते.

आधी मुदतीचं बोलू, ते सोपं आहे. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' 2010 साली आली. सहाशे पानांचं पुस्तक. असं दाट गद्य सराईत वाचकही तासाला वीस-पंचवीस पानांपेक्षा वेगाने वाचत नाही, म्हणजे चोवीस ते तीस तास झाले. नोकरी करणाऱ्या माणसाला रोज अर्धा तास मिळाला तरी दोन महिने जातात, आणि त्या दोन महिन्यांत ना गणपती यायचे, ना मुलांच्या परीक्षा, ना गावचे पाहुणे. लोकलमध्ये वाचू म्हणाल, तर सकाळी ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या गाडीत उभ्याने एका हातात तो ठोकळा धरून दाखवा. पंधरवड्याला शंभर पानं आणि दर पंधरवड्याला भेट, असा हिशेब धरला तर तीन महिने लागतात. मोठ्या कादंबरीला तेवढे द्यायचे. 'संपवून भेटू' हे शब्द सहाशे पानांच्या बाबतीत तोंडातून काढायचे नाहीत.

आता मुख्य गोष्ट. बैठक सुरू झाली की कुणीतरी हमखास विचारतं, "मग, कशी वाटली?" हा प्रश्न मी आमच्या गटात बंद केला. 'आवडली' किंवा 'नाही आवडली' एकदा तोंडून गेलं की माणूस पुढचा दीड तास स्वतःच्या मताची राखण करत बसतो. ज्याला आवडली तो अडचणी लपवतो, ज्याला नाही आवडली तो चांगली पानं वाचायचंच विसरतो. आणि ज्याला काही कळलंच नाही, तो गप्प बसतो. खरं तर गटाला सर्वांत जास्त गरज या तिसऱ्या माणसाची असते.

म्हणून आमचा एकच नियम आहे: मत आणू नका, अडलेली जागा आणा. प्रत्येकाने घरी वाचताना जिथे थांबावं लागलं, दोनदा वाचावं लागलं, चिडचिड झाली किंवा 'हे इथे कशाला?' असं वाटलं, अशी एक जागा खूण करून आणायची. एकच, कारण तीन आणल्या की त्यातली सोपी आधी बाहेर येते. बैठकीत ती व्यक्ती तो परिच्छेद मोठ्याने वाचते, काय अडलं ते दोन वाक्यांत सांगते आणि गप्प बसते. बोलायचं इतरांनी. ज्याला कळलं नाही त्याच्याच हातात बैठकीची दोरी येते, म्हणून ज्याची दहा पानं कमी झाली आहेत तोही येतो. सगळ्यांच्या जागा एका बैठकीत होत नाहीत. चार-पाच झाल्या तरी पुष्कळ, उरलेल्या पुढच्या वेळी आधी घ्यायच्या.

एक व्यावहारिक कटकट इथे येते. एकाकडे जुनी आवृत्ती, दुसऱ्याकडे नवी, तिसरी मोबाइलवर वाचते. पान क्रमांक जुळत नाहीत आणि पहिली वीस मिनिटं 'कुठे, कुठे?' यात जातात. प्रकरण आणि परिच्छेदाचे पहिले चार शब्द आदल्या दिवशी गटावर टाकायचे. त्या व्हॉट्सॲप गटाचा उपयोग एवढाच. चर्चा तिथे सुरू झाली की बैठकीत सांगायला कुणाकडे काही उरत नाही, आणि सकाळी सहाला सुविचार टाकणाऱ्यांचं काय करायचं हा वेगळाच प्रश्न.

अडलेल्या जागा सगळ्या एका जातीच्या नसतात, आणि सूत्रधाराचं कौशल्य ती जात ओळखण्यात आहे. काही अडचणी माहितीच्या असतात: हे पात्र कोण, हा सण कुठला, हा शब्द कुठल्या भागातला. त्या एका मिनिटात कुणीतरी सोडवतं, नाहीतर शब्दकोश सोडवतो. त्यांवर रेंगाळायचं नाही. काही अडचणी आपल्या आयुष्यातून आलेल्या असतात: 'माझे सासरे असेच होते.' दोन मिनिटं ऐकायचं, मग हळूच पुस्तकाकडे वळायचं. राहिलेल्या अडचणींचं उत्तर पानावर आहे पण उघड्यावर नाही, आणि पाच जणांना पाच तऱ्हांनी दिसतं. बैठक त्यांच्यासाठी आहे. खूण सोपी आहे. सूत्रधाराला स्वतःला उत्तर ठाऊक नसेल तर प्रश्न चांगला. ठाऊक असलेलं उत्तर दुसऱ्याकडून वदवून घेणं ही शाळा झाली, आणि पन्नाशीच्या माणसांना रविवारी शाळेत बसायचं नसतं.

तुमच्या प्राध्यापकांबद्दल. त्यांना घालवू नका. असा माणूस गटाला भाग्यानेच मिळतो, फक्त त्याची बोलण्याची वेळ बदलायची. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याने त्या लेखकावर शिकवलंय किंवा लिहिलंय, त्याने शेवटची पंधरा मिनिटं घ्यायची, त्याआधी फक्त परिच्छेद वाचून दाखवायचे. आधी नाकं मुरडली जातात. पण तासभर इतरांचं ऐकून झाल्यावर तीच मंडळी तयार भाषण बाजूला ठेवून, नुकत्याच झालेल्या बोलण्याला धरून बोलतात, आणि ते ऐकायला लोक थांबतात. समीक्षेच्या पुस्तकांचंही तसंच. वाचा, जरूर वाचा, पण कादंबरी संपल्यावर. आधी वाचलीत तर तुमची अडलेली जागा समीक्षकाची होते.

आता पुस्तक कोणतं घ्यावं. 'हिंदू' सोडू नका, पुढे ढकला. हलकंफुलकंही घेऊ नका, कारण त्यावर बोलायला अर्ध्या तासानंतर काही राहत नाही आणि मग चहा-बिस्किटांचीच बैठक होते. अवघड पण आटोपशीर कादंबरी घ्या. माझं उत्तर दर वेळी एकच असतं: विश्राम बेडेकरांची 'रणांगण'. 1939 सालची, दोन-तीन बैठकांत होईल एवढीच. भाषा कुठे अडवत नाही. चक्रधर विध्वंस युरोपातून बोटीने हिंदुस्थानात परततो आहे, त्याच बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित आहेत, त्यांतली हॅर्टा आणि तो प्रवासाच्या थोड्याशा दिवसांत जवळ येतात. गोष्ट दोन ओळींत सांगता येते आणि तरी ती दोन ओळींत मावत नाही, म्हणून गटासाठी उत्तम.

पहिल्या बैठकीत इतिहास आणायचाच नाही. निवेदकावर थांबायचं. बायांकडे बघण्याची चक्रधरची एक नजर आहे. आधीच्या प्रेमात तो पोळलेला आहे आणि ते तो विसरू देत नाही. आमच्या गटात या नजरेवरून दर वेळी वादाला तोंड फुटतं, विशेषतः तरुण मुली असतील तर. त्या म्हणतात, हा माणूस असह्य आहे. कुणीतरी काका म्हणतात, त्या काळी तसंच होतं. इथे सूत्रधाराने दोघांनाही थांबवून एकच विचारायचं: हे कोण म्हणतंय, चक्रधर की बेडेकर? आणि हे कशावरून म्हणता, ते पानावर दाखवा. मग शोध सुरू होतो. चक्रधर जे सांगतो आणि तो जे करतो, यांत फट कुठे दिसते? हॅर्टा बोलते तेव्हा तो तिचं ऐकतो, की स्वतःच्याच जुन्या जखमेचं? लेखक त्याला झाकतो की उघडा पाडतो? एखादं वाक्य दोघांनी पाठोपाठ मोठ्याने वाचावं, एकाने सरळ, दुसऱ्याने किंचित उपहासाने. कुठला सूर त्या वाक्याला पेलतो हे कानाला लगेच कळतं. तर्काने जे तासभर सुटत नाही ते बरेचदा आवाजाने सुटतं. निवेदक आणि लेखक यांतलं अंतर एकदा हाताला लागलं की पुढची कुठलीही अवघड कादंबरी गटाला अर्धी सोपी जाते. मी 'रणांगण'पासून सुरुवात करायला सांगतो ते मुख्यतः यासाठी.

दुसऱ्या बैठकीला मात्र नकाशा घेऊन बसायचं. जुलै 1938मध्ये फ्रान्समधल्या एव्हियाँला 32 देश निर्वासितांच्या प्रश्नावर जमले आणि जवळपास कुणीच दार उघडलं नाही. 9-10 नोव्हेंबर 1938च्या रात्री जर्मनीभर सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, जाळली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली. बाहेर पडणाऱ्या माणसाला रोख दहा मार्कच नेता येत. अशा वेळी व्हिसा न मागता उतरू देणारं एक मोठं बंदर राहिलं होतं, शांघाय. इटलीहून निघणाऱ्या बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग करत तिथे पोचत. जर्मनी-ऑस्ट्रियातून असे सतरा-अठरा हजार लोक शांघायला गेले. भिंतीवर हा मार्ग बोटाने दाखवला की मुंबईचा धक्का एकदम वेगळा दिसू लागतो. चक्रधरचा प्रवास जिथे संपतो, तिथे हॅर्टाचा निम्माही झालेला नसतो.

याच बैठकीत एक गोष्ट जपावी लागते. कादंबरी 1939ची आहे. माणसं मारण्यासाठीच उभारलेल्या छावण्या 1941च्या अखेरीपासून चालू झाल्या. म्हणजे बेडेकरांना जे माहीत असणं शक्य नव्हतं ते आपल्याला माहीत आहे, आणि आपण ते प्रत्येक पानावर ओतत जातो. गटात कुणीतरी पंधराव्या मिनिटाला गॅस चेंबरवर येतंच. त्यांना सांगायचं, ते घटकाभर बाजूला ठेवा. या बोटीवरच्या माणसांना पुढे काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नाही, लिहिणाऱ्यालाही नाही, तरी त्याने पुस्तकाला नाव 'रणांगण' दिलं. ते रणांगण कुठे आहे? बोटीवर, युरोपात, की या दोघांच्या मध्ये? यावर आमची एक बैठक आख्खी गेली होती आणि एकमत झालं नाही, ते बरंच झालं.

ठाण्यात बसून हे पुस्तक वाचण्यात आणखी एक गंमत आहे. टेंभी नाक्याजवळ 1879 साली बांधलेलं 'शार हाशामाईम' सिनॅगॉग आहे. कोकणातून आलेला बेने इस्रायली हा ज्यू समाज इथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिला, आडनावं पेणकर, दिवेकर. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ज्यू म्हणजे शेजारचे मराठी बोलणारे काका, असं ज्यांच्या डोक्यात लहानपणापासून आहे ते 'रणांगण' वेगळं वाचतात. ज्यांनी ज्यू फक्त इंग्रजी सिनेमांत पाहिले ते वेगळं वाचतात. चक्रधरला हॅर्टा आधी काय दिसते, जर्मन, ज्यू की गोरी बाई? हा प्रश्न ठाण्याच्या माणसाने विचारला की त्याला धार येते. नेरुळहून तासाभराचा प्रवास आहे, गट मिळून बाहेरून तरी बघून या. आत जायचं असेल तर आधी परवानगी काढावी लागते.

दुसरं पुस्तक 'कोसला'. 1963 साली आलं तेव्हा नेमाडे पंचविशीत होते, आणि कादंबरीचा नायक पांडुरंग सांगवीकरही पंचवीसचाच. इथे अडचण वेगळी. कथानक म्हणावं असं काही हाताला लागत नाही, मध्येच डायरी येते, आणि सगळं एका सपाट, थट्टेखोर आवाजात. गटाचे लगेच दोन तट पडतात. वसतिगृहात राहिलेले हसून लोळतात, बाकीचे विचारतात, यात कादंबरी कुठे आहे? दोन्ही तटांना आपापली जागा आणायला सांगा. हसणाऱ्यांनी न हसलेलं पान आणायचं, कंटाळलेल्यांनी जिथे नकळत हसू आलं ते पान. धाकटी बहीण मनी देवीने जाते, तो भाग मात्र बैठकीत मोठ्याने वाचायला घेऊ नका. वाचणाऱ्याचा गळा दाटतो आणि मग सगळे त्या वाचणाऱ्याकडे बघू लागतात, पान तसंच राहतं. तो घरी वाचून यावा. बैठकीत एवढंच बघायचं की इतका वेळ प्रत्येक गोष्टीची टर उडवणारा हा मुलगा तिथे वाक्यं कशी बांधतो, आणि नंतर पुन्हा जुन्या आवाजात येतो का.

'कोसला'तल्या खानदेशी बोलण्याचा कुणी बाऊ करेल. करू देऊ नका. नवी मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत जळगाव-भुसावळकडचं एखादं घर असतंच, तसं साताऱ्याचं, मालवणचं, लातूरचं असतं, आणि गावठाणात आगरी-कोळी आहेत. एका खोलीत इतक्या मराठी भाषा पुण्यातल्या गटांनाही सहज मिळत नाहीत. खानदेशातल्या त्या वहिनींना गटात नसल्या तरी एका बैठकीला बोलवा आणि दोन पानं त्यांच्याकडून वाचून घ्या. आमच्याकडे अशाच एक बाई 'मला काय कळतंय त्यातलं' म्हणत आल्या आणि पुढे कायमच्या राहिल्या.

काही बारीकसारीक विचारलंय त्याची उत्तरं. गट सहा ते नऊ जणांचा असावा. दहा झाले की दोन जण आपोआप प्रेक्षक होतात. वेळ पावणेदोन तास, खाणं शेवटी. सूत्रधार दर वेळी बदलावा, पण एका पुस्तकाला एकच ठेवावा. ज्याचं वाचून झालं नाही त्याने यावं, जेवढं वाचलं तेवढ्यावरच बोलावं, आणि पुढचं फुटलं म्हणून रुसू नये. अशी पुस्तकं शेवट कळला म्हणून बिघडत नाहीत. यूट्यूबवर सारांश ऐकून येणाऱ्याला मात्र स्पष्ट सांगावं की आज ऐका, बोलू नका. कडक वाटेल. पण सारांशात अडलेली जागा नसते, ती गाळूनच सारांश होतो. जागा क्लबहाऊसमध्ये मिळत असेल तर उत्तम, फक्त शेजारी झुम्बा चालू नसावा. प्रती जमवायला अडचण येत असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, 1893पासूनचं. गटातले दोघं-तिघं सभासद झाले तरी भागतं. पीडीएफ फिरवू नका.

नवरा-बायको एकाच गटात असावेत का, असंही कुणीतरी तळाशी विचारलंय. असावेत, पण शेजारी बसू नये. एकाचं वाक्य दुसऱ्याने पूर्ण करण्याची सवय गटाला महागात पडते.

या दोन पुस्तकांना मिळून चार महिने लागतील. मग 'हिंदू' परत काढा, आणि आता कामं वाटून घ्या. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेल्या नायकाला, खंडेरावला, वडील मरणाच्या दारात असल्याचं कळतं आणि तो आपल्या गावी, मोरगावला, परत निघतो, एवढा दोर हातात धरला तरी त्याभोवती आठवणींचं, माणसांचं, जातींचं, शेतीचं असं रान माजलेलं आहे की एकट्याने सगळं लक्षात ठेवणं अशक्य. एकाने बायांच्या गोष्टींकडे लक्ष ठेवायचं, एकाने शेतीकडे, एकाने गावगाड्याकडे, एकाने उत्खनन आणि इतिहासाकडे, एकाने नुसत्या भाषेकडे. शिवाय एका मोठ्या कागदावर नातेसंबंध मांडत जायचं आणि तो कागद दर बैठकीला भिंतीवर लावायचा. प्राध्यापकांना इतिहास देऊ नका, शेती द्या. आणि वाचन पहिल्या पानापासून सुरू करा, ज्यांची आधी पूर्ण झाली आहे त्या दोघांनीसुद्धा.